सासूबाईंच्या घरापासून दोन मैलांवर

आज न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्क गावी जाऊन आले. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं मोठं घर सगळे बघतातच, पण मी रमले ते तिथून दोनेक मैलांवरच्या व्हॅल-किलमध्ये, त्यांच्या बायकोच्या, एलेनॉरच्या घरात.

मोठं घर सासूबाईंचं, सारा रूझवेल्ट यांचं. कारभारही त्यांचाच. नवऱ्याच्या आणि सासूच्या खोल्यांमध्ये एलेनॉरची खोली इतकीशी, की बघून कसंसंच झालं. न्यूयॉर्कमध्ये तर सासूबाईंनी जोडघरं बांधली, मधे ये-जा करायला दारं ठेवून! (आपल्याकडच्या कितीजणींना हे ओळखीचं वाटेल, बोलायलाच नको.)

व्हॅल-किल म्हणजे आधी मैत्रिणींबरोबर काढलेला फर्निचरचा कारखाना. १९३६ मध्ये तो बंद पडल्यावर तिने त्याचंच घर केलं. लाकडी भिंती, त्यावर फोटोच फोटो, थाटमाट शून्य.

बाई मात्र खमकी. १९३३ मध्ये व्हाइट हाउसमध्ये पत्रकार परिषदा सुरू केल्या, प्रवेश फक्त महिला पत्रकारांना. मग काय, ऐन मंदीत वर्तमानपत्रांना बायकांना नोकरीवर ठेवावंच लागलं! १९३९ मध्ये मरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेला एका प्रतिष्ठित महिला संस्थेने सभागृह नाकारलं, तर हिने सरळ त्या संस्थेचा राजीनामा दिला आणि आपल्या वर्तमानपत्रातल्या सदरात तसं लिहिलंही.

१९४५ मध्ये नवरा गेला. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगाची अध्यक्ष झाली, १९४८ चा जाहीरनामा तडीस नेला. सदर चालूच, आठवड्यातून सहा दिवस. मला महिन्यातून एक पोस्ट जमत नाही.