गेम जुना असेल, पण खेळणारा नवा आहे ना बे

आधीच सांगून टाकतो, या पोस्टमध्ये एकाही व्हिडिओ गेमचा शेवट नाही, कोण मेलं, कोण फिरलं, कोण कोणाचा बाप निघाला, काहीच नाही. गेमची नावं येतील, सालं येतील, कोणता गेम कशावर कधी आला ते येईल, बस. बिनधास्त वाचा.

विषय असा आहे की आपल्याकडे "अबे इतका जुना गेम आहे, आता काय स्पॉयलर" हे वाक्य (स्पॉयलर म्हणजे पुढची गोष्ट आधीच फोडणं) फार सहज बोललं जाते आणि मला ते पटत नाही, अजिबातच पटत नाही. म्हणजे गेम कधी आला यावरून ठरवायचं की आता बोलायला हरकत नाही, सहा महिने झाले, वर्ष झालं, मोकळे. पण समोरच्याच्या हातात तो गेम कधी आला हे कोणीच विचारत नाही, आणि माझ्या मते तेच एक विचारायचं असते.

रेड डेड रिडेम्प्शन या काउबॉय टोळ्यांच्या गेमचंच पाहा. पहिला गेम २०१० चा, प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या डब्यांवर. पीसीवर कधी आला? २९ ऑक्टोबर २०२४ ला. चौदा वर्षांनी! तोवर पीसीवाल्याला तो सरळ मार्गाने खेळताच येत नव्हता. दुसरा भाग कन्सोलवर ऑक्टोबर २०१८ मध्ये आला आणि पीसीवर वर्षभराने, नोव्हेंबर २०१९ मध्ये. आता गंमत अशी की दुसऱ्या भागाची गोष्ट १८९९ ची आणि पहिल्याची १९११ ची, म्हणजे नंतर आलेला गेम गोष्टीत आधी घडते. कन्सोलवाल्यांनी पहिला खेळून मग दुसरा खेळला, पीसीवाल्यांनी दुसरा खेळला आणि पहिल्याची वाट पाहत बसले. मग हे दोघं पोह्याच्या ठेल्यावर एकत्र आले की एकाला जी जुनी माहिती वाटते ती दुसऱ्यासाठी पुढची गोष्ट असते, आणि बोलणाऱ्याला वाटते की आपण तर २०१० चं बोलून राहिलो, यात काय एवढं.

आणि नागपुरात आपण गेम कसे खेळत आलो तेही लक्षात घ्या ना. माझ्या वयाच्या बहुतेकांचं सुरू झालं ते घरच्या डब्बा पीसीवर व्हाइस सिटी आणि कॅफेत ताशी पैसे देऊन काउंटर स्ट्राइक, सीडी सीताबर्डीवरून. कन्सोल एखाद्याच मित्राकडे. नवीन गेम आजही कन्सोलवर पाच हजाराच्या घरात जाते, मिहानमध्ये नवीन नवीन नोकरी लागलेला पोरगा पहिल्या पगारात घरी काहीतरी देईल, गाडीचा हप्ता पाहील, गेम सेलमध्ये घेऊ म्हणेल. सेल लागेपर्यंत दोन वर्षं गेली. मग ग्राफिक्स कार्ड. मग रेड डेड दोनला दीडशे जीबी जागा लागते, तर आधी एसएसडी, म्हणजे नवीन डिस्क. मग मे महिना, पंचेचाळीस डिग्री, कूलर समोर लावून पण लॅपटॉप असा तापते की दुपारी चालवायची हिंमत होत नाही, रात्री अकरानंतर काय ते खेळायचं. या सगळ्यातून जाऊन माणूस गेम सुरू करते तेव्हा तो त्याच्यासाठी आजचाच गेम असते. अख्ख्या देशालाच उशीर होते कधी कधी, पीएस५, म्हणजे प्लेस्टेशन ५, बाहेर नोव्हेंबर २०२० मध्ये आला आणि आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला, तोवर बाहेरच्या लोकांचे गेम संपवून व्हिडिओ पण टाकून झाले होते.

माझ्या मावसभावाचं सांगतो. त्याने रेड डेड दोन मागच्या वर्षी घेतला, सेलमध्ये, आणि खेळायची त्याची पद्धत अशी की त्याला कुठे जायची घाईच नव्हती. हॉर्सशू ओव्हरलूकच्या कॅम्पमध्ये, जिथे गेममधली आपली टोळी राहते, म्हणजे दुसऱ्याच चॅप्टरमध्ये, तो निवांत राहून राहिला होता. हरीण मारून आणायचं, मांस कॅम्पात द्यायचं, रात्री शेकोटीजवळ बसून सगळ्यांच्या गोष्टी ऐकायच्या. ज्यांनी खेळलाय त्यांना माहीत आहे, त्या कॅम्पमध्ये प्रत्येकाजवळून जाताना बटण दाबून रामराम करता येते, काहीतरी उत्तर मिळते, हा सगळ्यांना करायचा. मिशन बाजूलाच. रोज मला फोनवर सांगायचा, दादा आज हा असं म्हटला, आज तिने गाणं म्हटलं.

रविवारी सकाळी आम्ही तर्री पोहे खायला गेलो, तिथे ओळखीचा एक जण भेटला, गेमचा विषय निघाला, आणि याने कौतुकाने सांगितलं की मी रेड डेड दोन खेळून राहिलो. त्याने विचारलं नाही की कुठवर पोचला. सरळ एका कॅरेक्टरचं नाव घेऊन पुढे त्याचं काय होते ते एका वाक्यात बोलून मोकळा झाला आणि वरून "अबे सहा-सात वर्षं जुना गेम आहे, मला वाटलं माहीत असेल." वाईट हेतू नव्हता हे मला माहीत आहे. पण घरी येताना गाडीवर मागे बसून भाऊ विचारते, "दादा, खरंच होते का तसं?" आता याचं मी काय उत्तर द्यायचं? हो म्हटलं तरी गेलं, नाही म्हटलं तरी माझ्या आवाजावरून त्याला कळणार. मी म्हटलं खेळ तू, पाहू. आठवड्याने तो म्हणाला की आता त्या माणसाजवळून जाताना रामरामचं बटण दाबलं की तेच डोक्यात येते, त्यामुळे मी त्याच्याकडे जातच नाही. गेम त्याने पूर्ण केला, आवडला पण, पण जो माणूस कॅम्पमधल्या प्रत्येकाला भेटत होता तो एकाला टाळून टाळून खेळला. हे नुकसान लहान आहे असं कोणी म्हटलं तर मी भांडायला तयार आहे.

यावर एक युक्तिवाद नेहमी येते, की स्पॉयलरने मजा जात नाही असं संशोधनच आहे. आहे, खरं आहे. २०११ मध्ये सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लेविट आणि क्रिस्टनफेल्ड या दोघांनी लोकांना बारा लघुकथा वाचायला दिल्या होत्या, काहींना शेवट आधीच सांगून, आणि एकूण पाहता शेवट माहीत असलेल्यांना त्या कथा जास्तच आवडल्या. पण त्या काही पानांच्या लघुकथा होत्या हो, दुसऱ्या कोणीतरी लिहिलेल्या, वाचणारा बाहेर बसून वाचते. गेममध्ये साठ-सत्तर तास तुम्ही त्या माणसाच्या अंगात राहता, घोड्याला नाव तुम्ही देता, ट्रिगर तुम्ही दाबता. बारा लघुकथांवरून माझ्या भावाच्या कॅम्पचा निकाल लावायचा हे मला मान्य नाही.

बरं, स्पॉयलर म्हणजे फक्त कोण मेलं एवढंच असते असंही नाही, आणि इथे लोक खूप गडबड करतात. आउटर वाइल्ड्स नावाचा २०१९ चा गेम आहे, त्यात तुम्हाला नवीन बंदूक मिळत नाही, लेव्हल वाढत नाही, शक्ती वाढत नाही, सुरुवातीला जे हातात आहे तेच शेवटपर्यंत. वाढते ती फक्त तुमची माहिती. म्हणजे कोणी एक ओळ सांगितली की अमुक ठिकाणी अमुक कर, तर त्याने गोष्ट नाही फोडली, त्याने गेमच खेळून टाकला तुमचा. आणि तो पुन्हा पहिल्यासारखा खेळता येत नाही, कधीच नाही. म्हणून त्याच्याबद्दल मी कोणालाही फक्त इतकंच सांगतो की घे आणि काही वाचू नको. रिटर्न ऑफ द ओब्रा डिन पण तसाच, लुकास पोपचा, २०१८ चा, जहाजावरचे साठ जण, प्रत्येक जण कोण आणि त्याचं काय झालं ते तुम्ही स्वतः शोधून वहीत भरायचं. तिथे "अरे तो टोपीवाला ना" एवढं म्हटलं तरी एकाचा तपास गेला.

लाइफ इज स्ट्रेंजसारखे निर्णयाचे गेम घ्या, तिथे "वरचा ऑप्शन घे, खालचा घेतला तर पुढे प्रॉब्लेम होते" असं मदत म्हणून सांगणारे असतात. तो निर्णयच तर गेम होता ना भाऊ. एल्डन रिंगमध्ये मात्र उलटं, तिथे बॉसवर, म्हणजे मोठ्या शत्रूवर, तीन रात्री अडकलेला माणूस स्वतःच येऊन विचारते, आणि त्याला मदत करायलाच पाहिजे. फक्त आधी विचारायचं, दिशा सांगू का पूर्ण उत्तर सांगू? बरेचदा लोकांना दिशाच पाहिजे असते.

आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे काही न सांगता सांगणं. "मी काही बोलत नाही, पण त्याच्यावर जास्त जीव लावू नको." "तू सहाव्या चॅप्टरला पोच, मग फोन कर मला." "हा तुला चांगला वाटून राहिला का? बरं बरं." हे बोलणाऱ्याला वाटते आपण किती सांभाळून बोललो. पण ऐकणारा मूर्ख नसते, तो त्या क्षणापासून वाट पाहत बसते की आता याचं काहीतरी होणार. "ट्विस्ट जबरदस्त आहे" हे पण त्यातलंच, ट्विस्ट आहे हे कळलं की माणूस प्रत्येक वाक्यावर शंका घेत खेळते. मला विचाराल तर न संपवलेल्या माणसासमोर चेहरा पण सांभाळायचा, आणि हे जमते, अवघड नाही, त्याला बोलू द्यायचं. तुला काय वाटते, कोण असेल तो, पुढे काय होईल? त्याचे अंदाज ऐकण्यात इतकी मजा असते की आपल्याला सांगायची गरजच राहत नाही.

कंपन्यांनी धाक दाखवून हे होत नाही. पर्सोना ५ एप्रिल २०१७ मध्ये इंग्रजीत आला तेव्हा तो बनवणाऱ्या अ‍ॅटलसने स्ट्रीम करणाऱ्यांना, म्हणजे आपला खेळ इंटरनेटवर लाइव्ह दाखवणाऱ्यांना, बजावलं की गेममधल्या ७ जुलै या तारखेच्या पुढचं दाखवायचं नाही, नाहीतर चॅनेलवर कारवाई होऊ शकते. लोक भडकले, आणि महिन्याभरातच त्यांना ती तारीख गेममधल्या १९ नोव्हेंबरपर्यंत पुढे न्यावी लागली. भावना मला समजते, गोष्ट त्यांनीच लिहिली होती, पण जो माणूस स्ट्रीम पाहायला स्वतःहून येऊन बसलाय त्याला वाचवण्यासाठी दाखवणाऱ्याला धमकावणं चूकच. ज्यांना खरंच त्रास होते ते लोक दुसरे, ज्यांनी काहीच उघडलं नाही. सकाळी यूट्यूब उघडलं आणि थंबनेलवर शेवटच्या सीनचा फोटो, वर बाण काढलेला. गेममध्ये टप्पा पार केल्याची ट्रॉफी मिळाली म्हणून स्क्रीनशॉट स्टेटसला, आणि ट्रॉफीच्या नावातच सगळं. हे मात्र मला खरंच चीड आणते, कारण यातून वाचायचा मार्गच नसते, फोन बंद ठेवायचा का माणसाने?

आमच्या ग्रुपवर आम्ही हळूहळू एक पद्धत बसवलीय. डिस्कॉर्डवर तर सोपं आहे, दोन्हीकडे दोन-दोन उभ्या रेघा टाकल्या की मजकूर झाकला जाते, टेलिग्रामवर पण तशी सोय आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर आम्ही व्हॉइस नोट काढतो, आधी एका ओळीत गेमचं नाव आणि कुठवरचं बोलणार ते लिहायचं, मग नोट. मजकुरावर नजर चुकून पडते, व्हॉइस नोट चुकून ऐकली जात नाही, आणि नोटिफिकेशनमध्ये पण काही दिसत नाही. फोटो असेल तर एकदाच दिसणारा पाठवायचा.

पण दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे. संपवलेल्या लोकांना बोलायची भूक असते. शेवटावर तासभर बोलणं, तू काय केलं, मी काय केलं, तिथे रडला का, ही गेमची अर्धी मजा आहे. "एंडिंग" असं लिहिलेल्या नोटवर बोट ठेवून मग आरडाओरडा करायचा, किंवा मी दोन वर्षांनी खेळणार म्हणून कोणी तोंड उघडायचं नाही, हे पण नाही चालत. द लास्ट ऑफ अस दोनच्या वेळी एप्रिल २०२० मध्ये, गेम यायच्या जवळपास दोन महिने आधी, बरंच काही लीक झालं होतं, तेव्हा आमच्यातल्या एकाने तो विषय चालू असला की स्वतः कल्टी मारायची, काही दिवस ग्रुप म्यूट, आणि परत येऊन विचारायचं, झालं का बोलून? त्याचा पीसी होता, आणि पीसीवर तो गेम आला ३ एप्रिल २०२५ ला. पाच वर्षं त्याने जपलं, आणि आम्ही पण, आणि दहा दिवसांत त्याच गेमवरच्या टीव्ही मालिकेचा दुसरा सीझन आला, तोवर पठ्ठ्याने रात्री जागून संपवला होता. त्यानंतर जे बोलणं झालं ते फुटाळ्यावर चहा गार होईपर्यंत चाललं.

तुम्ही म्हणाल मग फायनल फँटसी ७ चं काय, १९९७ चा गेम, त्यातली ती घटना तर सगळ्या जगाला माहीत आहे. कोणाला माहीत आहे? माझ्या चाळिशीतल्या मित्राला माहीत आहे. २०२४ मध्ये तीच गोष्ट नव्याने सांगणारा रिबर्थ आला आणि कॉलेजची पोरं तिथून सुरुवात करून राहिली, त्यांचा जन्मच मूळ गेमच्या नंतरचा. त्यांच्यासमोर ते वाक्य अर्धवटच ठेवायचं.

आता पुढची परीक्षा जीटीए ६ ची आहे, व्हाइस सिटीवाल्याच मालिकेतला नवा गेम. जाहीर झालाय तो फक्त पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी, पीसीचं नाव नाही, आणि आमच्यात पीएस५ एकाकडेच आहे, मनीषनगरला. बाकी आम्ही सगळे पीसीवाले, थांबणार. त्याच्याशी बोलून आत्ताच ठरवलं की त्याने शहर कसं आहे, गाडी कशी चालते, पोलीस कसे मागे लागतात ते खुशाल सांगावं, गोष्टीचं एक अक्षर नाही. त्याने विचारलं रेडिओवर कोणती गाणी लागतात ते सांगितलं तर चालेल का. आम्ही म्हटलं, हाव, ते तर पहिल्याच दिवशी सांग.