चिंगीची कॅप्सूल आणि नऊ मेडिकल

आमच्या चिंगीचं निदान व्हायला तीन आठवडे गेले, पण खरं डोकं फिरलं ते औषध मिळवताना.

चिंगी आमची मांजर, चार वर्षांची. गणपतीनंतर एका रात्री तिच्या पाठीची कातडी कमरेपासून शेपटीपर्यंत सरसरत थरथरली, बुबुळं काळीभोर झाली आणि स्वतःच्याच शेपटीवर गुरगुरत ती घरभर पळत सुटली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, पाठीला हात लावू नकोस, तिला सोसत नाहीये." पुढे डॉक्टरांनीही तेच सांगितलं. पिसवा, त्वचा, मणका, फिट सगळं तपासून झालं. शेवटी निघालं फेलाइन हायपरएस्थेशिया, म्हणजे मांजराच्या पाठीला स्पर्शही न सोसण्याचा आजार. त्याची वेगळी अशी टेस्ट नसते, बाकीचं वगळत वगळत तिथे पोचावं लागतं.

औषध लिहून दिलं गॅबापेंटिन, 100 मिलिग्रॅमची साधी कॅप्सूल. डॉक्टरांनी बजावलं होतं, दुसरं काही मिसळलेली नको. पहिल्या मेडिकलवाल्याने पुढ्यात ठेवली मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी-12, मिसळलेली. "मॅडम, सेमच आहे." दुसऱ्याकडे नॉरट्रिप्टिलिन हे वेगळंच औषध मिसळलेली. तिसरा चिठ्ठीवरचं 'मांजर' वाचून हसला, म्हणाला, "माणसाची चिठ्ठी आणा." चौथ्याकडे फक्त 300 ची. "खोलून चिमूटभर द्या की." चार किलोच्या जिवाला चिमूटभर! माझा आवाज चढला, मागचे लोक बघायला लागले. दोन दिवस ऑफिस सुटल्यावर भांडुप ते दादर हेच चाललं होतं, आणि घरी चिंगीने शेपटीचं टोक चावून लाल केलं होतं. आठव्या दुकानात मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावून काउंटरवरच्या मुलाच्या हातात दिला. तेव्हा कुठे तो म्हणाला, "टाटा हॉस्पिटलच्या समोर विचारा, नसांच्या दुखण्यावर हे तिकडे खपतं." परळला उतरले. नवव्या दुकानात पाच मिनिटांत पट्टी हातात. रडूच आलं.

म्हणून सांगते, स्टेशनजवळ फिरू नका, मोठ्या हॉस्पिटलसमोरची दुकानं आधी गाठा. नावाखालचे बारीक घटक काउंटरवरच वाचा. कॅप्सूल खोलून द्यायची तर डोसाच्या पुड्या डॉक्टरांकडूनच बांधून घ्या. पूड कडू असते, उकडलेल्या बांगड्यात कालवली की जाते. पहिले काही दिवस चाल डगमगते, घाबरू नका, पण औषध मनाने एकदम बंदही करू नका.

हे आधीच सांगायला हवं होतं: झटका आला की पहिल्यांदा व्हिडिओ काढा. दवाखान्यात चिंगी पुतळ्यासारखी बसली होती, मोबाइल दाखवला म्हणून डॉक्टरांना कळलं. आणि कुत्र्यांचं पर्मेथ्रिनवालं पिसवांचं औषध मांजराला कधीच लावू नका, जिवावर बेततं.

आता जेवण आणि खेळ ठरल्या वेळी. झटके आठवड्यातून एखादा, तोही मिनिटभराचा. शेपटीवर केस परत आलेत. काल ती खिडकीतल्या गादीवर पाठ उन्हाला देऊन झोपली होती, मी फक्त कानामागे खाजवलं.