संध्याकाळी सातला बसणारं नेट

२०२४ च्या एप्रिलमधली गोष्ट आहे. मी चोपडा-यावल पट्ट्यात टॉवर मेंटेनन्सला आहे आणि आठ दिवस झाले एकच तक्रार येत होती, सात वाजले की नेट बसतं. आमच्याकडे केळीचा धंदा, भाव, गाडीचे फोटो, पेमेंट सगळं संध्याकाळी मोबाईलवरच चालतं, त्यामुळे लोकांचा राग बरोबरच होता. एक व्यापारी फोनवर भडकलाच, "भाऊ, दांड्या तं भरेल शेतस, पन फोटो जात नही!"

खरं तर अर्धं उत्तर त्यातच होतं. दांड्या टॉवरकडून येणाऱ्या सिग्नलच्या असतात, फोटो जात नाही म्हणजे मोबाईलचं बोलणं टॉवरला ऐकू येत नाहीये. पण मी सकाळी साईटवर जायचो तेव्हा सगळं ओके, केबल बघ, कनेक्टर बघ, फायबर बघ, कशातच काही नाही, आणि संध्याकाळी परत फोन सुरू.

मग एक दिवस ठरवलं की आज रात्र इथेच काढायची. सव्वासातला लॅपटॉपवर बघतो तर अपलिंकचा नॉईज, म्हणजे मोबाईलकडून टॉवरकडे येणाऱ्या रस्त्यावरचा गोंगाट, -११५ डीबीएम वरून चढत चढत -९५ ला गेला. २० डीबी म्हणजे शंभर पट! आणि तोही फक्त २३०० मेगाहर्ट्झच्या ४जी वर आणि ५जी वर, ८५० आणि १८०० ला हात पण लागलेला नाही. तिथेच मला शंका आली.

कारण ८५० आणि १८०० ला जायचा आणि यायचा रस्ता वेगळा असतो, पण २३०० आणि ५जी चा ३.५ गिगाहर्ट्झ हे एकाच फ्रिक्वेन्सीवर पाळीपाळीने चालतात, आधी टॉवर बोलणार, मग तो गप्प बसणार आणि मोबाईल बोलणार. ही पाळी आजूबाजूच्या सगळ्या टॉवरची एकत्रच बदलली पाहिजे, चूक चालते ती फक्त दीड मायक्रोसेकंदाची. एका मायक्रोसेकंदात प्रकाश जेमतेम ३०० मीटर जातो, म्हणजे बघा. यासाठी प्रत्येक साईटवर जीपीएस अँटेना असतो, २० हजार किलोमीटर वरच्या सॅटेलाईटमधल्या अणुघड्याळांचा टाईम तो घेतो. एका टॉवरचं घड्याळ सरकलं की बाकीचे ऐकत असताना तो बोलत राहतो, आणि मोबाईलच्या पाव वॅटहून कमी आवाजापुढे टॉवरचे कितीतरी वॅट, काय ऐकू येणार? २जी मध्ये आम्हाला हे टेन्शन कधीच नव्हतं. स्पीड वाढला तसं हे घड्याळ सांभाळणं आलं.

त्रास होणाऱ्या तीन टॉवरचे सेक्टर, म्हणजे ज्या दिशेच्या अँटेनावर त्रास होता त्या दिशा, नकाशावर काढल्या, रेषा ओढल्या, तिन्ही एका गावातल्या गच्चीवरच्या साईटवर येऊन मिळाल्या. कंट्रोल रूमला विचारलं तर म्हणे हो, तिथे जीपीएसचा अलार्म आहे ना, रोज सकाळी नऊला येतो, पहाटे पाचला जातो, मायनरमध्ये, म्हणजे किरकोळ अलार्ममध्ये आहे. आठ दिवस! जीपीएस गेला की आतलं घड्याळ काही तास तग धरतं, मग सरकायला लागतं, त्यानंतर सेल, म्हणजे त्या साईटचं प्रसारण, आपोआप बंद व्हायला पाहिजे, ती सेटिंग या साईटवर ऑफ होती. मला त्याचा अजूनही राग येतो, एवढ्या लोकांचे हाल एका न बघितलेल्या अलार्ममुळे झाले.

दुसऱ्या दिवशी दहाला गच्चीवर गेलो. उन्हाने पाय भाजत होते, सगळीकडे साड्या अंथरून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घातलेले. कोपऱ्यात कमरेएवढ्या पाईपवर आमचा अँटेना, पांढरा, आळिंबीसारखा. तो दिसतच नव्हता. त्याच्यावर जर्मनचं भलंमोठं पातेलं उलटं घातलेलं, काठावरून अजून पाणी ठिबकत होतं, आतल्या बाजूला घाट्याचा, म्हणजे बिबड्यांच्या शिजवलेल्या पिठाचा पापुद्रा चिकटलेला.

घरमालकाची आई मागून आली. "काय व्हयनं भाऊ? वाळाले ठेवस मी रोज."

पहाटे पाचला घाटा शिजवायला पातेलं काढायची, नऊला घासून परत तिथेच. तिची काय चूक, त्या पाईपला हात लावू नका असं तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

मी पातेलं उचललं आणि म्हटलं, "माय, याले आभाय दखाले जोयजे." तिने वर बघितलं, डोळ्यांवर हात धरून, बराच वेळ. मग विचारलं की पातेल्याखालून नाही का दिसत त्याला? मी म्हटलं नाही, धातूतून काहीच येत नाही आणि वरून येणारा सिग्नल फार म्हणजे फार बारीक असतो. ती लगेच म्हणाली, मग उंच कर ना त्याला, माझा हात पोचणार नाही एवढा. तेच केलं, आठ फुटी पाईप लावला, आणि पातेल्यासाठी भिंतीला खुंटी ठोकून दिली. सेटिंग ऑन करून घेतली ती वेगळी.

संध्याकाळी सातला लॅपटॉप उघडून बसलो. सव्वासात झाले, साडेसात, आठ. -११५. साडेआठला त्या व्यापाऱ्याचा मेसेज आला, केळीने भरलेल्या गाडीचा फोटो, खाली काहीच लिहिलेलं नव्हतं.