शून्यावर आलेला दरोडेखोर आणि गुड पार्टी

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून गोष्ट रंगवायच्या खेळात कॅरेक्टर शीटवर (आपल्या पात्राच्या कागदावर) लॉफुल गुड, म्हणजे नियम पाळणारा सज्जन, असं लिहायला दोन सेकंद लागतात. त्याची खरी परीक्षा शत्रूचे हिट पॉइंट (उरलेला दम मोजणारे गुण) शून्यावर येतात तेव्हा होते. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, विचारतो, "मारला की बेशुद्ध केला?" यावर आधी कुणीच बोललेलं नसतं, म्हणून उत्तर येतं "मारला". यात खेळाडूंच्या मनात वाईट काही नसतं, तयारी नसते एवढंच. दया ऐनवेळी सुचत नाही. तिला दोर लागतो, योग्य स्पेल (मंत्र) लागतात, कैद्यांवर नजर ठेवायला माणूस लागतो, आणि हे सगळं इनिशिएटिव्ह (लढाईतल्या पाळ्या ठरवणारा फासा) टाकण्याच्या आधी ठरलेलं असावं लागतं.

एक प्रसंग घेऊ. गोदाकाठच्या गावातली पडकी गढी, एकच दरवाजा, आत आठ दरोडेखोर आणि एक म्होरक्या. दोन पावसाळे कोरडे गेलेत, टोळीतले निम्मे परवापर्यंत कुणाचे तरी सालगडी होते. समोर पाचव्या लेव्हलची चार जणांची पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांचा गट. आकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या नियमांतले घेतो, कारण बहुतेक टेबलांवर तेच परिचयाचे आहेत: साध्या बँडिटचे, म्हणजे दरोडेखोराचे, ११ हिट पॉइंट आणि आर्मर क्लास (वार लागायला फाशावर गाठायचा आकडा) १२, म्होरक्याचे ६५ हिट पॉइंट आणि आर्मर क्लास १५. पाचव्या लेव्हलच्या पार्टीला ही लढाई जड नाही. जिथे ताकद आपल्या बाजूला आहे तिथेच गुड कॅरेक्टरची जबाबदारी वाढते.

बेशुद्ध करण्याचा नियम सोपा आहे, तरी निम्म्या टेबलांवर चुकीचा वापरला जातो. जवळून केलेल्या वारानेच, म्हणजे मेली अटॅकनेच, शत्रूला मारण्याऐवजी बेशुद्ध करता येतं. निर्णय शेवटच्या वाराच्या क्षणी घ्यायचा असतो, आधी सांगावं लागत नाही, आणि २०१४ च्या नियमांत त्यासाठी टू-हिटवर (वार लागतो का ते ठरवणाऱ्या फाशावर) दंडही नाही. पडलेला माणूस स्टेबल (मरणाच्या धोक्याबाहेर) असतो आणि १डी४ (चार बाजूंचा एक फासा) तासांनी एका हिट पॉइंटवर शुद्धीवर येतो. पॅलॅडिनचा (धर्मयोद्ध्याचा) डिव्हाइन स्माइट, म्हणजे वाराला जोडलेला दैवी जादा मार, हासुद्धा मेली वारालाच जोडलेला असल्याने स्माइट टाकूनही बेशुद्ध करता येतं. बाणाने किंवा फायरबोल्टने (दुरून फेकायच्या आगीच्या मंत्राने) मात्र नाही. म्हणून रेंजरने (तिरंदाजाने) आणि विझार्डने (जादूगाराने) आपले वार ताज्या शत्रूंवर खर्च करावेत, घायाळ झालेले फायटर आणि पॅलॅडिनकडे सोडावेत. शत्रू निम्म्याखाली गेला की डीएमने तसं बोलून दाखवावं, नाहीतर ही वाटणी जमतच नाही. बाणाने पडलाच कुणी, तर डीएमला विचारा की त्याला डेथ सेव्ह (जगतो की मरतो ते ठरवणारे फासे) देणार का. देत असेल तर हीलर्स किटचा एक वापर त्याला रोल न टाकता स्टेबल करतो, आणि एका किटचे असे दहा वापर होतात.

शरण यायची संधी द्यायची असेल तर ती पहिल्या फेरीत आणि शत्रूला कळेल त्या भाषेत द्या. "हत्यारं टाका, जीव राखतो" एवढं एक वाक्य पुरतं, आणि आपल्या पाळीत बोलायला ॲक्शन लागत नाही. पण शत्रू शरण कधी येतो, याचा नियम टेबलावर असायला हवा. मला १९८१ च्या बेसिक संचातला मोरालचा (टोळीच्या धीराच्या आकड्याचा) नियम अजूनही सगळ्यात कामाचा वाटतो: टोळीतला पहिला पडला की एकदा आणि निम्मे पडले की दुसऱ्यांदा २डी६ टाकायचे. मोरालपेक्षा जास्त आलं तर टोळीचा धीर सुटतो. मोराल ८ धरलं तर एका रोलला ३६ पैकी १० वेळा असं घडतं, दोन्ही रोल मिळून जवळजवळ निम्म्या वेळा. म्हणजे निम्म्या लढाया शेवटच्या माणसापर्यंत जातच नाहीत.

धीर सुटलेल्याला पळायला वाटही हवी. देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी आठवा. वळणावळणाचं काळोखं भुयार, वरच्या तोंडाला लोखंडी शेगडी पेटवून धूर आत सोडायची सोय. आत शिरलेल्याला ना पुढे जाता येतं ना मागे. तटावरच्या शिबंदीने अशी रचना करणं समजू शकतं. गुड पार्टीने मात्र सालगड्यांची अशी कोंडी करू नये. गढीचा एकुलता एक दरवाजा अडवून आत घुसलात, तर शरण यायची तयारी असलेलाही जिवाच्या आकांताने लढतो. एक बाजू मोकळी ठेवा, तिथे हवं तर दोर आणि जाळं घेऊन एक जण बसवा. छापा, रात्रीची चढाई, खोटी मशाल यांत मला काहीच इव्हिल दिसत नाही. गनिमी कावा आणि कपट यांत फरक आहे. शरण आलेल्याला दिलेला शब्द मोडणं हे कपट.

फायरबॉल या आगीच्या स्फोटाच्या स्पेलबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण गुड विझार्डच्या हातून सर्वाधिक अनर्थ यानेच होतो. त्रिज्या २० फूट, म्हणजे ४० फूट व्यासाचं वर्तुळ. गढीचा चौक त्यात बहुतेक सगळा येतो. मार ८डी६, सरासरी २८. सेव्ह (बचावाचा फासा) जमला तरी १४, आणि बँडिटचे हिट पॉइंट ११. आत सापडलेला साधा दरोडेखोर सहसा वाचत नाही. शिवाय ही आग कोपऱ्यांना वळसा घालून पसरते आणि कुणाच्या अंगावर वा हातात नसलेली जळाऊ वस्तू पेटवते. आता मराठवाड्यातलं गाव डोळ्यांपुढे आणा: चौकात कडब्याची गंजी, भोवती माळवदाची घरं. माळवदावर माती असते, पण खालचे सर आणि तुळया लाकडाच्या. आतून पेट घेतला तर वरचं मातीचं ओझं खाली येतं. बळदात लपवलेली बायकापोरं तिथेच गाडली जातील. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लागू नये, ही शिकवण आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. फायरबॉल टाकण्याआधी "वर्तुळात आणखी काय काय आहे?" हा प्रश्न डीएमला विचारायलाच हवा.

स्लीप हा झोपवणारा स्पेल या लढाईसाठीच केल्यासारखा आहे, पण घाईने टाकला तर वाया जातो. तो ५डी८ इतक्या हिट पॉइंटांचे शत्रू झोपवतो. सरासरी २२ ते २३, म्हणजे ताजे दोनच दरोडेखोर झोपतात. तो सगळ्यात कमी हिट पॉइंटवाल्यापासून सुरू होतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत, पाच-सहा जण घायाळ असताना टाका. झोप एक मिनिटाची, म्हणजे दहा फेऱ्यांची, आणि कुणी ॲक्शन खर्चून हलवलं तर आधीच मोडते. तेवढ्यात हत्यारं लाथेने दूर करून हात बांधायचे. झोपलेल्यांचे गळे कापणारी गुड पार्टी मला मान्य नाही. अश्वत्थाम्याने झोपल्या छावणीत तेच केलं होतं, आणि त्याचं नाव आजही कशासाठी घेतात ते सगळ्यांना माहीत आहे.

मग कैदी. पन्नास फुटी दोरात सहा-सात जणांचे हात बांधून होतात, म्हणून पार्टीकडे दोन दोर तरी असावेत. दोर तोडायला स्ट्रेंग्थचा (ताकदीचा) डीसी, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर गाठायचा आकडा, १७ आहे. साध्या बँडिटला प्रत्येक प्रयत्नात २० टक्के संधी मिळते, त्यामुळे पहारा लागतोच. बेड्यांना डीसी २०, म्हणजे त्याच बँडिटला ५ टक्के. म्होरक्यासाठी एक जोड जवळ ठेवा. पुढे त्यांना पाटलाच्या हवाली करायचं, की हत्यारं काढून शपथेवर सोडायचं, यावर लॉफुल गुड आणि केऑटिक गुड (नियमांपेक्षा मनाचं ऐकणारा सज्जन) भांडतील. जरूर भांडू द्या, फक्त कैद्यांसमोर नको.

उरलं डीएमचं काम. सोडलेला प्रत्येक कैदी पुढच्या रात्री सुरा घेऊन परत आला, तर खेळाडू दोन सत्रांत दया सोडतात, आणि दोष त्यांचा नसतो. आठातला एखादा उलटू द्या. एखाद्याला पेव कुठे पुरलंय ते दाखवू द्या. बाकीच्यांना घरी जाऊन पेरणीची वाट बघू द्या.