एक मिनिट पुढे निघालेला ठिपका

लघुग्रहांच्या जुन्या-नव्या वेधांची, म्हणजे ते कधी आणि आकाशात कुठे दिसले या नोंदींची, जुळवाजुळव करणं हे माझं काम. नवा लघुग्रह शोधणारे वेगळे. त्यांनी टिपलेला ठिपका मागच्या वर्षांतल्या ठिपक्यांशी जोडून कक्षा पक्की करणारे आम्ही वेगळे.

त्या दिवशी हाती होता तो मंगळ आणि गुरूच्या मधल्या मुख्य पट्ट्यातला, सूर्यापासून सरासरी २.६४ खगोलीय एककांवरचा (पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर म्हणजे एक एकक), ४.३ वर्षांत फेरी पूर्ण करणारा. त्याच्या तीन प्रतियुतींचे वेध जमले होते. पृथ्वीवरून बघताना लघुग्रह सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो, ती प्रतियुती. कायमचा क्रमांक मिळायला साधारण चार लागतात, आणि क्रमांक नाही तर नाव नाही. अशा लघुग्रहाच्या दोन प्रतियुतींमध्ये जवळजवळ सोळा महिने जातात, म्हणून पुढची वाट बघण्याऐवजी मी मागे गेले. पाच वर्षांपूर्वी भलत्याच कामासाठी घेतलेल्या, नेमक्या त्याच आकाशाच्या तीन प्रतिमा संग्रहात सापडल्या.

तिन्ही आळीपाळीनं पडद्यावर फिरवल्या. तारे जागच्या जागी, आणि मधे एक फिकट ठिपका पश्चिमेकडे सरकतोय. सापडला! पण जागा मोजली आणि आनंद जिरला. बाकीच्या सगळ्या वेधांत गणित आणि प्रत्यक्ष यांत ०.१-०.२ आर्कसेकंदांचा फरक (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), इथे मात्र तिन्ही वेळा ०.६.

एवढ्याशा फरकानं काय बिघडतं, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. पण हा दुसराच कुणी निघाला तर? १९२८ मध्ये झांग युझे यांनी अमेरिकेतल्या यर्कीस वेधशाळेतून एक लघुग्रह शोधला आणि त्याला आपल्या देशाचं, चीनचं नाव दिलं. पुरेसे वेध नव्हते, तो हरवला. १९५७ मध्ये सापडलेल्या दुसऱ्याच लघुग्रहाला ११२५ क्रमांकासह ते नाव गेलं. मूळचा १९८६ मध्ये पुन्हा दिसला, तेव्हा त्याला चीनचंच चिनी नाव द्यावं लागलं: ३७८९ झोंगगुओ. हे प्रकरण मला नेहमी आठवतं. चुकीचा ठिपका जोडण्यापेक्षा न जोडलेला बरा, असं माझं ठाम मत आहे.

दुपारभर त्या फरकाकडेच बघत होते. मग लक्षात आलं, की तो वेडावाकडा नाही. तिन्ही ठिपके मार्गावरच होते, फक्त थोडे पुढे. प्रतियुतीजवळ हा लघुग्रह मिनिटाला सुमारे ०.६ आर्कसेकंद सरकतो. म्हणजे बरोबर एका मिनिटाचा घोळ!

खात्री करायला त्याच प्रतिमांतले ओळखीचे लघुग्रह मोजले. तेही पुढेच होते, आणि जो जास्त वेगाचा तो जास्त पुढे. घड्याळाचीच चूक असेल तर असंच दिसायला हवं. वेधांची नोंदवही मागवली. प्रत्येक प्रतिमेसाठी दुर्बिणीचा कॅमेरा १२० सेकंद उघडा होता. वेळ धरायला हवी त्यातल्या मधल्या क्षणाची, फाइलमध्ये पडली होती उघडण्याच्या क्षणाची. साठ सेकंद मिळवले, गणित पुन्हा चालवलं. फरक ०.१ वर आला. खुर्चीतून उठून मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या, मगच वेध पाठवले.

क्रमांक आला. नाव सुचवण्याचा हक्क शोधणाऱ्याचा, त्यासाठी दहा वर्षांची मुदत. हा शोधला होता आमच्या सरांनी, आणि त्यांना दहा दिवसही थांबवेना. त्यांचा फोन आला, "अगं, १६ अक्षरांत कसं बसवू?" मर्यादा रोमन अक्षरांची, मधली मोकळी जागाही त्यातच धरायची. त्यांना गणित शिकवणाऱ्या बाईंचं नाव द्यायचं होतं. नाव आणि आडनाव मिळून १९ होत होती. आम्ही दोघांनी फोनवर पुन्हा पुन्हा मोजली.

शेवटी नुसतं नाव ठेवलं. वर्गात सगळे त्यांना त्याच नावानं, पुढे 'बाई' लावून, हाक मारायचे.