दसऱ्यानंतरच्या नोट्स

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि आमच्याकडं तासगाव भागात नव्या कॉम्प्युटरची एकच झुंबड उडाली, कारण दुकानांत बसवलेले चौथ्या-पाचव्या जनरेशनचे आय थ्री काही विंडोज 11 घेत नाहीत, टीपीएम 2.0 म्हणजे सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेलचा प्रोसेसर आठव्या जनरेशनचा किंवा त्यापुढचा पाहिजे. त्यात दिवाळी तोंडावर, त्यामुळं बऱ्याच जणांनी धनत्रयोदशीच्या मुहूर्तावर नवीन पीसी घेतला आणि जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाकला. माझं काम या दुकानांचे कॉम्प्युटर सांभाळायचं. त्या गडबडीतली ही एका कृषी सेवा केंद्रातली गोष्ट, सांगतो, कारण अशी वेळ अजून कितीतरी जणांवर येणार आहे.

ते दुकान वहिनी चालवतात. आसपासच्या द्राक्षबागायतदारांचं सगळं त्यांच्याकडं, औषध, खत, उधारी आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकाच्या प्लॉटचा हिशोब. ऑक्टोबर म्हणजे गोडी छाटणीचा, फळासाठीच्या छाटणीचा सीझन. छाटणी कुठल्या तारखेला झाली, डोळे फुटायची पेस्ट कधी लावली, पोंगा म्हणजे नवा कोंब कधी फुटला, आत्तापर्यंत कुठले स्प्रे गेले, पाऊस पडून गेल्यावर डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी काय दिलं, पुढं काय द्यायचंय आणि माल एक्स्पोर्टला जायचा असेल तर कुठल्या औषधाचा पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी ते काढणी यात ठेवायचं अंतर, किती दिवसांचा. हे सगळं त्या विंडोजमधल्या स्टिकी नोट्स या चिठ्ठ्यांच्या ॲपमध्ये लिहितात. एक शेतकरी, एक नोट. सुपर सोनाका जातीचा प्लॉट पिवळ्या नोटवर, माणिक चमन जातीचा हिरव्या. त्यांच्याकडं हे एवढं चोख आहे की शेतकऱ्याचा फोन आला की तो काय विचारणार त्याच्या आधी यांच्या स्क्रीनवर त्याची नोट उघडलेली असते.

लक्ष्मीपूजन झाल्यावर त्यांचा फोन आला. "दादा, नव्या कॉम्प्युटरवर जुन्या नोटा सगळ्या हायत, पण दसऱ्यानंतरचं एकबी न्हाई. छाटण्या तर दसऱ्यानंतरच्याच हायत की सगळ्या." मी विचारलं, जुना डबा कुठाय? तर म्हणाल्या, डीलरकडं गेला, त्याच्याच पोरानं नोटा इकडं आणून दिल्या.

दसऱ्यानंतरचं नाही हे ऐकलं आणि मला काय झालंय ते साधारण कळलं. मी पहिल्यांदा डीलरला फोन लावला आणि सांगितलं, तो पीसी फॉरमॅट करू नका, मी निघालोय. तो म्हणाला एसएसडी काढून ठेवलीय, संध्याकाळी दुसऱ्या गिऱ्हाईकाला विंडोज टाकून द्यायचीय. हार्ड डिस्क असती तर फॉरमॅटनंतरही थोडी आशा असते, एसएसडीचं तसं नाही, फॉरमॅट मारला की विंडोज ट्रिम नावाची कमांड पाठवतं आणि ड्राइव्ह मोकळी झालेली जागा खरंच पुसून टाकते, मग रिकव्हरीवाल्यांच्याही हातात काही उरत नाही. म्हणून गाडी काढली ती सरळ सांगलीला.

आता त्या पोराची बाजू पण सांगायला पाहिजे. त्यानं कामचुकारपणा केला नव्हता. स्टिकी नोट्सचा डेटा कुठं असतो हे त्यानं शोधलं होतं, युजरच्या फोल्डरमधी ॲपडेटा, ते मुळात लपवलेलं असतं, त्यात लोकल, त्यात पॅकेजेस, त्यात मायक्रोसॉफ्ट स्टिकी नोट्स नावाचं लांबलचक शेपटीचं फोल्डर आणि त्यात लोकलस्टेट. तिथं प्लम डॉट एसक्यूलाईट नावाची फाईल असते, 2016 च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून हीच आहे, त्याआधी वेगळी डॉट एसएनटी फाईल असायची. बरेच जण सांगताना एवढंच सांगतात की प्लम डॉट एसक्यूलाईट उचला आणि नव्या कॉम्प्युटरवर त्याच जागी टाका. पोरानं तेच केलं. नोट्स दिसल्या. त्याच्या लेखी काम झालं.

डीलरच्या टेबलवरच एसएसडी माझ्या लॅपटॉपला अडॅप्टरनं जोडली, परमिशनचं विचारलं त्याला कंटिन्यू केलं आणि लोकलस्टेट उघडलं. समोर तीन फायली. प्लम डॉट एसक्यूलाईट, तारीख 2 ऑक्टोबर. दसरा! तिच्याखाली तेच नाव आणि शेवटी डॅश वॉल (-wal), तारीख वहिनींनी जुन्या पीसीवर शेवटचं काम केलं त्या दिवसाची, साइझ पावणेतीन एमबी. आणि तिसरी डॅश एसएचएम, छोटीशी. पोराला बोलावून तारखा दाखवल्या, ते बिचारं बघतच राहिलं.

एसक्यूलाईट हा डेटाबेस रिचर्ड हिप यांनी 2000 साली काढला, आज तुमच्या फोनमधल्या कितीतरी ॲपच्या आत हाच बसलेला असतो. 2010 मध्ये त्यात वॉल, म्हणजे राइट-अहेड लॉग, हा मोड आला. तुम्ही काही लिहिलं की ते लगेच मुख्य फाईलमध्ये जात नाही, आधी वॉल फाईलच्या शेवटी जोडलं जातं आणि साधारण 1000 पानं साठली की मग मुख्य फाईलमध्ये उतरवलं जातं, एक पान बहुतेक ठिकाणी 4096 बाइटचं, म्हणजे चार एमबी भरेपर्यंत सगळं वॉलमध्येच राहू शकतं. ॲप नीट बंद झालं तर उतरवून वॉल काढून टाकली जाते. पण दुकानात संध्याकाळी मेन स्विच पाडूनच कॉम्प्युटर बंद व्हायचा, मग नीट बंद व्हायचा प्रश्नच नाही. वहिनींना नंतर मी एवढंच सांगितलं की पोरानं खतावणी आणली पण दसऱ्यापासूनची रोजकीर्द तिकडंच राहिली. त्यांना लगेच समजलं.

मी तिन्ही फायली पेनड्राइव्हवर घेतल्या, लॅपटॉपवर वेगळी कॉपी काढली आणि आधी त्यातली वॉल फाईल नोटपॅड प्लस प्लसमध्ये यूटीएफ-8 करून नुसती वाचायला उघडली. सगळा कचरा, चौकोन, प्रश्नचिन्हं, आणि मध्येच स्वच्छ मराठीत "पेस्ट लावली, पोंगा फुटला, डाऊनी नाही अजून". खरं सांगतो, हे वाचून एवढं बरं वाटलं! डेटा शाबूत होता. मग डीबी ब्राउझर फॉर एसक्यूलाईटमध्ये कॉपी उघडली. नोट नावाचं टेबल, त्यात टेक्स्टचा कॉलम, आणि अपडेटेडॲटमध्ये 638 नं सुरू होणारे 18 अंकी आकडे. ते डॉटनेटचे टिक्स असतात, इसवी सन 1 पासून मोजलेले, सेकंदाचे एक कोटी. त्यावर सॉर्ट लावला तर धनत्रयोदशीच्या आदल्या दिवसापर्यंतच्या नोट्स वर आल्या.

खरा जपून करायचा भाग पुढं होता. दोन दिवसांत वहिनींनी नव्या कॉम्प्युटरवर त्या अर्धवट डेटाबेसवरच नवीन नोट्स लिहिल्या होत्या. आता जुनी वॉल तेवढी आणून त्याच्या शेजारी ठेवली असती तर दोन वेगळ्या काळातल्या फायलींची जोडी झाली असती, आणि अशा बेमेल जोडीनं एसक्यूलाईटचा डेटाबेस करप्ट होतो. बरेच जण घाईत नेमकं हेच करतात. म्हणून आधी वहिनींना सांगितलं, नव्या नोट्स रजिस्टरमध्ये उतरवून घ्या. मग ॲप बंद केलं, टास्क मॅनेजरमध्ये बॅकग्राउंडला चालू नाही ना ते बघितलं, नव्या लोकलस्टेटमधलं सगळं बाजूला दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलं आणि पेनड्राइव्हवरच्या तिन्ही फायली एकत्र टाकल्या. ॲप उघडलं. एकेक करत पिवळ्या-हिरव्या नोटांनी स्क्रीन भरली.

पण नोटा दिसल्या म्हणजे झालं असं मी मानत नाही. वहिनींना समोर बसवलं आणि बिलबुकातल्या तारखांशी एकेक नोट ताडून बघितली. तेवढ्यात एका शेतकऱ्याचा फोन आला, रात्री पाऊस झालाय, काय मारू? वहिनींनी नोट काढली, छाटणीनंतरचे दिवस मोजले, आधी मँकोझेब हे बुरशीनाशक गेलंय हे वाचलं आणि पुढचं सांगून मोकळ्या झाल्या. नोट नसती तर तेच औषध परत जाऊ शकलं असतं, नाहीतर एक दिवस विचारपूस करण्यात गेला असता, आणि या अवस्थेत डाऊनीला एक दिवस पुरतो. यंदा पाऊस लांबलेला, बागायतदार आधीच टेकीला आलेला, त्याला हा घोळ कशाला.

मग रजिस्टरमधल्या दोन दिवसांच्या नोटा त्यांनी परत टाइप केल्या. मायक्रोसॉफ्ट अकाउंट काढून स्टिकी नोट्सला साइन इन करून दिलं, म्हणजे सिंक होत राहील, आत्तापर्यंत ते कुणी केलंच नव्हतं. डीलरशी बोलून एसएसडी परत मागून घेतली, तेवढे पैसे वहिनींनी एक्स्चेंजच्या रकमेतून कमी करून घेतले. त्यांनी ती उधारीच्या कपाटात ठेवलीय आणि सांगितलंय, बेदाणा शेडवर पडेपर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही. डीलरचा तो पोरगा आता असल्या कामाला गेला की आधी मालकाला विचारतो, तुम्ही शेवटचं काय लिहिलं होतं ते सांगा, आणि नव्या कॉम्प्युटरवर ते दिसल्याशिवाय जुना उचलत नाही. परवा एका मेडिकलवाल्याकडं त्यानं अख्खं लोकलस्टेट फोल्डर कॉपी केलं आणि मला तारखांचा फोटो पाठवला, तिन्ही फायलींचा.