पाडव्याचं ताट, ईस्ट हॅमला

२०२५च्या फेब्रुवारीच्या मध्यावर स्टेशनच्या ओल्या पायऱ्यांवरून पाय घसरला आणि माझं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. दवाखान्यात बसल्या बसल्या बोटांवर आठवडे मोजले आणि पहिला विचार आला तो पाडव्याचा. ३० मार्चला हात अजून गळ्यातच असणार. म्हणजे पुरणपोळी लाटता येणार नाही.

आम्ही २०२२च्या सप्टेंबरात लंडनला आलो. त्यानंतरचा पहिला पाडवा बुधवारी आला, दुसरा मंगळवारी. दोन्ही वेळा ऑफिसमधून येऊन कुकर लावला, रात्री नऊला पोळ्या लाटल्या, आणि तोवर लेक सोफ्यावर पेंगलेली. यंदा पहिल्यांदाच पाडवा रविवारी येत होता. भर दुपारी, ऊन असताना, तिघांनी बसून जेवायचं हे मी जानेवारीतच ठरवलेलं. कॅलेंडरवर गोल केला होता.

नवरा स्वयंपाक करतो. वरण-भात, खिचडी, दोन-चार भाज्या त्याच्या हातच्या छान होतात. त्यानं फ्रोझन पुरणपोळी आणायची तयारी दाखवली. इथल्या देशी दुकानांत ती मिळते आणि अडीअडचणीला मी स्वतःही आणलेली आहे. पण नुसती पोळी म्हणजे पाडवा नव्हे. आमच्या मिरजेकडे पुरण घातलं की येळवणीची आमटी आलीच. पुण्या-मुंबईचे लोक तिला कटाची आमटी म्हणतात. डाळ शिजल्यावर वरचं जे पाणी काढतो ते येळवणी. त्यात चिंच, गूळ, काळा मसाला, भाजलेलं खोबरं आणि चमचाभर पुरण. ती पातळसर, तिखट-आंबट आमटी भुरकल्याशिवाय पुरणाचा गोडवा जिभेवर बसत नाही. आणि पाकिटातल्या पोळीबरोबर येळवणी येत नाही.

म्हणून ठरवलं, यंदा हॉटेलात जेवायचं. लंडनसारख्या शहरात एक ताट मिळणार नाही, असं कसं होईल?

आठवडाभर आधी फोन करायला सुरुवात केली आणि लक्षात आलं की रविवार मोठा अवघड आहे. त्याच दिवशी इथला मदरिंग संडे, म्हणजे आईला जेवायला बाहेर नेण्याचा दिवस. त्यातच चंद्र दिसला तर रमजान ईदही त्याच दिवशी. शिवाय घड्याळं एक तास पुढे जाणार होती. दुपारच्या जागा बहुतेक ठिकाणी आधीच गेलेल्या.

आमच्या घराजवळच्या एका इंडियन हॉटेलात फोन लावला तेव्हा पलीकडचे गृहस्थ फार आपुलकीनं बोलले. बोलण्याचा हेल बंगाली होता. मी त्यांना समजावलं, आत गोड सारण भरलेली पोळी असते, तव्यावर भाजतात, वर तूप घालतात. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, मग पेशावरी नान चालेल का? आत खोबरं, बेदाणे, बदाम असतात, लहान मुलांना आवडतो. मी त्यांचे मनापासून आभार मानले. त्यांच्या मेन्यूत माझ्या पोळीच्या सगळ्यात जवळचा पदार्थ तोच होता आणि तो त्यांनी शोधून दिला होता.

फोन ठेवल्यावर त्याच गोष्टीचा विचार करत बसले. लंडनमध्ये भारतीय जेवणाची हॉटेलं आजची नाहीत. शेख दीन महंमदनं १८१०मध्ये इथे हिंदुस्थानी कॉफी हाउस काढलं होतं, आणि रीजंट स्ट्रीटवरचं वीरास्वामी १९२६मध्ये सुरू झालं. पण गल्लोगल्ली दिसणारी जी इंडियन हॉटेलं आहेत त्यांतली बरीचशी सिल्हेटकडून आलेल्या बांगलादेशी माणसांनी उभी केली. त्यांच्या स्वयंपाकघराची एक रीत आहे. कांद्याचा रस्सा आधीच मोठ्या पातेल्यात तयार असतो, ऑर्डर आली की त्यात मसाला फिरवून दहा मिनिटांत ताटली बाहेर जाते. पुरण या रीतीत बसतच नाही. डाळ शिजवा, येळवणी काढा, गूळ घालून झारा उभा राहीपर्यंत आटवा, गरम असतानाच यंत्रातून फिरवा, कणीक तिंबून मुरवा, आणि मग एकेक पोळी हातानं भरून लाटा. इतकं करून एका पोळीचे किती पैसे लावणार? हे काम आजवर घरातल्या बायकांनी सकाळी सहाला उठून केलंय आणि त्याचा हिशेब कुणी मांडला नाही, म्हणून ते ताट आपल्याला सहज मिळणारी गोष्ट वाटतं. मिरजेत असताना पाडव्याला हॉटेलात जायचा विचारसुद्धा कुणाच्या मनात आला नव्हता. आई होती ना.

वेम्बलीला ईलिंग रोडवर गुजराती थाळी मिळते. गुजरात्यांची वेढमी म्हणजे पुरणपोळीची बहीणच, फक्त डाळ बहुतेकदा तुरीची आणि आकार लहान. एका ठिकाणी विचारलं तर रविवारच्या थाळीत ती नव्हती, ऑर्डरनं करून देतो पण कमीत कमी वीस घ्या म्हणाले. आमटीचा प्रश्न तसाच राहिला असता. आपल्या मराठी माणसांची हॉटेलंही आहेत इथे, वडापाव आणि मिसळीची हौस तिथे छान भागते, पण सणाचं पूर्ण ताट मला त्या रविवारी कुठे सापडलं नाही. घरगुती ऑर्डर घेणाऱ्या दोघी-तिघी बायका आहेत, त्यांची यादी आदल्या बुधवारीच भरली होती. मंडळाचं नावही मैत्रिणींनी सुचवलं. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालचं, त्याचा मला अभिमान आहे. पण मला कार्यक्रम, नाटुकलं, भाषण यांतलं काही नको होतं. त्याच दिवशी, त्याच दुपारी, कुणीतरी वाढलेलं ताट हवं होतं.

शुक्रवारी ऑफिसच्या पँट्रीत चहा घेताना धारवाडच्या सहकारी मैत्रिणीनं विचारलं, हात कसा आहे? मी हाताचं सोडून पोळीचंच सांगत बसले. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "अगं, तुला होळगीच पाहिजे ना? मग उगादीला ईस्ट हॅमला ये की. आम्ही जातोय, तुमच्यासाठी तीन पानं सांगते."

मी कपाळावर हात मारायची बाकी राहिले. होळगी! आमच्या मिरजेच्या वाड्यात अथणीच्या काकू राहायच्या, त्या पुरणपोळीला कायम होळगीच म्हणायच्या. पाडवा आणि कानडी लोकांची उगादी एकाच दिवशी, चैत्र शुद्ध प्रतिपदेला, हे तर मला लहानपणापासून माहीत होतं. त्या वर्षीचं संवत्सरही दोघांचं एकच, शके १९४७, विश्वावसु. आठवडाभर मी मराठी ताट शोधत होते आणि शेजारच्या घराचं दार वाजवायचं मला सुचलंच नव्हतं.

रविवारी सकाळी गुढी उभारली. काठीला साडी आणि कडुनिंबाचा डहाळा बांधायचं काम नवऱ्यानं केलं, मी एका हातानं तांब्या धरला. साखरेची गाठी आणि कडुनिंब साउथॉलहून आणले होते. नैवेद्याला गूळखोबरं ठेवलं. मोबाइल रात्रीतून आपोआप तासभर पुढे गेला होता, भिंतीवरचं घड्याळ मागेच होतं, त्यामुळे निघताना थोडी धांदल झाली.

ईलिंग ब्रॉडवेहून डिस्ट्रिक्ट लाइनची गाडी सरळ ईस्ट हॅमला जाते, लंडनच्या एका टोकाकडून दुसरीकडे. तासाहून थोडा जास्त प्रवास. डब्यात नवे कपडे घातलेली, ईदला निघालेली कुटुंबं होती, आणि फुलांचे गुच्छ मांडीवर घेऊन बसलेली, आईकडे जाणारी माणसं. लेकीनं खणाचं परकर-पोलकं घातलं होतं. समोरच्या छोट्या मुलीच्या हातावर ओली वाटावी इतकी लाल मेंदी होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, मग एकमेकींच्या बांगड्या बघून झाल्या.

ईस्ट हॅमला उतरलं की हाय स्ट्रीट नॉर्थवर साड्यांची, सोन्याची, नारळ-केळफुलाची दुकानं लागतात. महालक्ष्मीचं देऊळही त्याच रस्त्यावर आहे, आमच्याकडच्या माणसाचे हात तिथे आपोआप जोडले जातात. हॉटेल साधंच होतं. बाहेर आंब्याच्या पानांचं तोरण, आत चार-चारची टेबलं, आणि काचेवर कानडीत आणि इंग्रजीत लिहिलेला कागद: आज फक्त हब्बद ऊटा. सणाचं जेवण. माणशी अठरा पौंड, मुलांना निम्मे.

आम्ही बसलो तसं टेबलावर केळीचं पान आलं. सगळ्यात आधी एका बाईनं प्रत्येकाच्या तळहातावर चिमूटभर बेवु-बेल्ला ठेवलं, गुळात कालवलेली कडुनिंबाची वाळलेली फुलं. आमच्या घरी कोवळ्या पाल्याची चटणी असते, त्यात ओवा, हिंग, चिंच. पण घास जिभेवर गेला आणि आधी कडू, मग गोड, हा क्रम तोच. लेकीनं तोंड वाकडं केलं आणि गिळलं.

मग वाढायला सुरुवात झाली. पानाच्या वरच्या कडेला मीठ, लोणचं, मग मुगाच्या डाळीची कोसंबरी. नवरा हळूच म्हणाला, "कोशिंबीर." खरंच, शब्दसुद्धा तोच. बीन्सची पल्या, कैरीचा चित्रान्न, पायस. आणि मग स्टीलच्या पराती हातात घेऊन एक साठीच्या बाई आल्या, हॉटेलवाल्या मालकिणीच्या सासूबाई आहेत असं मागून कळलं. त्यांनी पानावर होळगी ठेवली.

मी आधी ती नुसती बघितली. पोळी आमच्यापेक्षा लहान आणि जास्त पातळ, आवरण मैद्याचं, हळदीनं पिवळं. कडेपर्यंत पुरण गेलेलं, कुठेही कोरी कड नाही. ही परीक्षा आई कायम करते, पोळीची कड चिमटीत धरून. डाव्या हातानं जेवायची सवय सहा आठवड्यांत झाली होती तरी केळीच्या पानावर डावा हात घालायला मन तयार होईना. प्लॅस्टरमधून बाहेर राहिलेल्या उजव्या हाताच्या बोटांनी मी एक तुकडा मोडला. वेलची थोडी जास्त, गूळ थोडा कमी, जायफळ नाही. पुरण हरभऱ्याच्या डाळीचंच.

धारवाडची मैत्रीण सांगत होती की आतल्या सारणाला ते हूरण म्हणतात आणि वरच्या पिठाला कणक. पुरण आणि कणीक. मी ते दोन शब्द दोन-तीनदा तोंडात घोळवले.

त्यानंतर वाटीत सारू आलं. मी त्याला रसम समजून बाजूला सरकवणार होते. वास आला आणि थांबले. वाटी उचलून तोंडाला लावली. चिंच, गूळ, भाजलेलं खोबरं, आणि तळाशी तो दाटसर, डाळीचा, किंचित गोड घोट. मैत्रिणीला विचारलं, हे कशाचं? ती म्हणाली, "ओबट्टिन सारू. होळगीची डाळ शिजवतात ना, त्याचं पाणी."

येळवणी.

मसाला आमचा नव्हता, कढीपत्ता जास्त होता, तिखट कमी होतं. पण ज्या बाईनं ते केलं होतं तिनं सकाळी तीच डाळ शिजवली होती, तेच पाणी निपटून बाजूला ठेवलं होतं, ते फेकायचं नसतं हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं होतं. मी तीन वाट्या प्याले. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं आणि आपली वाटीही माझ्याकडे सरकवली.

परात घेऊन त्या बाई पुन्हा आल्या. "इन्नोंदु?" म्हणजे अजून एक. मी नको म्हणून पानावर हात आडवा धरला. त्यांनी माझ्या प्लॅस्टरकडे बघितलं, कानडीत काहीतरी बोलल्या, आणि हाताच्या बाजूनं होळगी पानावर सोडलीच, वर तुपाची धार. हे असं कुणी वाढून मला अडीच वर्षं झाली होती. हॉटेलात आपण मागतो आणि येतं. इथे मी नको म्हणत होते आणि येत होतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही. बाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

निघताना चार होळग्या बांधून घेतल्या. ईस्ट हॅमचा फलाट उघड्यावर आहे, तिथूनच आईला फोन लावला. कालपर्यंत मिरज साडेपाच तास पुढे होती, आजपासून साडेचार, त्यामुळे ती अजून जागी होती, मागचं आवरत होती.

"पुरण कशाचं होतं?"

"हरभऱ्याच्या डाळीचं."

"आणि कडेपर्यंत गेलेलं?"

"गेलेलं."

"येळवणी?"

"होती आई. तीन वाट्या."

ती जराशी थांबली. मग म्हणाली, "वाढलं कुणी?"

मी त्या बाईंचं सांगितलं. लेकीनं फोन ओढून घेतला आणि ओरडून सांगितलं, "आजी, इन्नोंदु म्हणजे अजून एक!" आईला ते पहिल्या फटक्यात कळलं, अथणीच्या काकूंच्या शेजारात तीस वर्षं काढलीत तिनं.

घड्याळ पुढे गेल्यामुळे सूर्य साडेसातला मावळणार होता, गुढी उतरवायच्या आधी आम्ही घरी पोचलो. नवऱ्यानं डब्यातली एक होळगी ताटलीत काढली, तूप घातलं, आणि हळद-कुंकू वाहायच्या आधी लेकीनं ती गुढीपुढे ठेवली.